मुक्काम गावात असू द्या

प्रति,
युरोपच्या सहली काढणाऱ्या मराठी पर्यटन संस्थांचे चालक आणि त्या सहलींची कार्यक्रमपत्रिका आखणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यातल्या युरोप सहलींच्या जाहिराती कितीतरी महिने आधीच वर्तमानपत्रांत झळकू लागतात. पानभर आयफेल टॉवर, शेजारी पिसाचा मनोरा, आणि वर ठळक अक्षरांत देशांची संख्या. या संख्येत व्हॅटिकन असतं (क्षेत्रफळ अर्धा चौरस किलोमीटरही नाही), आणि पुष्कळदा लिश्टेनस्टाइनही असतं, म्हणजे वाडुझ नावाच्या गावी अर्धा तास. त्या संख्येबद्दल माझी तक्रार नाही. जाहिरात ही जाहिरातच असते. मला लिहायचंय ते पत्रिकेत प्रत्येक दिवसाच्या तळाशी बारीक टायपात छापलेल्या ओळीबद्दल. 'मुक्काम : व्हेनिस परिसर'. 'मुक्काम : फ्लॉरेन्स परिसर'. 'मुक्काम : रोम किंवा जवळपास'.

मी कोल्हापूरची. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. युरोपला सहलीबरोबरही गेले आहे आणि नंतर घरच्यांबरोबर आपली आपण तिकिटं काढूनही. दोन्ही तऱ्हा पाहिल्यामुळे हे पत्र. म्हणणं एकच आहे : जी जुनी शहरं दाखवायला तुम्ही आम्हाला इतक्या लांब नेता, त्यांतल्या निदान दोन-तीन शहरांत आम्हाला रात्री राहू द्या. शहराच्या आसपास नको, जुन्या गावातच. त्यासाठी देश कमी करावे लागले तर करा.

आधी तुमचं श्रेय तुम्हाला. इंग्रजीचा गंध नसलेली, गुडघे कुरकुरणारी, तोवर कधी विमानात न बसलेली माणसं तुमच्या भरवशावर रोमपर्यंत पोचली. व्हिसाचे कागद तुम्ही जुळवता, विमा उतरवता, बसमध्ये चढताना डोकी मोजता. एका टूर लीडरनं रात्री उशिरा हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरून कुणाच्या तरी आजारी सासूबाईंसाठी मऊ भात करवून घेतलेला मी पाहिला आहे. तो मुलगा स्वतः धड जेवलाही नव्हता. तेव्हा 'सहल कसली, नुसती पळापळ' असं म्हणून नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. पळापळ मला चालते. सहा-सात-आठचं वेळापत्रकही (सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस) अंगवळणी पडतं. शाळेच्या घंटेवर जन्म गेलेल्या बाईला त्याचं काय! माझा प्रश्न संध्याकाळचा आहे.

संध्याकाळी काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण पैसे भरणाऱ्याला भरताना ठाऊक नसतं, म्हणून लिहिते. साडेसहाला भारतीय रेस्टॉरंटात जेवण. सव्वासातला बस. आठच्या पुढेमागे महामार्गाच्या फाट्यावरचं हॉटेल. खोल्या स्वच्छ असतात, गरम पाणी असतं, त्याबद्दल बोलायला जागा नाही. पण समोर टायरचं गोदाम, बाजूला पेट्रोलपंप, आणि चालत जावं असं काहीही नाही. आपल्या शाळांना सुट्टी मे-जूनमध्ये, म्हणून सहली तेव्हा भरतात, आणि तिकडे नेमका तेव्हाच दिवस मोठा. जूनमध्ये व्हेनिसला सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, बेल्जियममधल्या ब्रुजला दहाच्या. म्हणजे बाहेर लख्ख उजेड असताना आपण खोलीत पडदे ओढून पिशवीतली चकली काढतो आणि घरी व्हिडिओ कॉल करून 'आज व्हेनिस झालं' म्हणून सांगतो.

यात तुमचा आळस नाही, हेही मला कळतं. बसच्या चालकामागे कायदा आहे. युरोपियन संघाच्या नियमाप्रमाणे त्याला दिवसाला ९ तासांवर गाडी हाकता येत नाही (आठवड्यातून दोनदा १० तासांची सवलत), साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावं लागतं, आणि दोन कामाच्या दिवसांच्या मध्ये एरवी सलग ११ तास आराम घ्यावा लागतो. गाडीत बसवलेलं यंत्र याची नोंद ठेवतं, तिथे 'चला हो, अर्धा तास जास्त' चालत नाही. हिशेब सरळ आहे : चोवीसातून अकरा गेले, उरले तेरा. सकाळी आठला निघालेली बस रात्री नऊला जागेवर उभी राहायला हवी. चांगलाच नियम आहे. आपल्या घाटांतल्या रात्रीच्या खासगी बसना तो लागू झाला तर कितीतरी घरं वाचतील. पण एकदा हॉटेल गावापासून तीस किलोमीटरवर धरलं, आणि बसशिवाय तिथे पोचायची सोयच नसली, की संध्याकाळ या तेरा तासांतच कापली जाते. हॉटेल चौकापासून चालत दहा मिनिटांवर असेल, तर चालक आपला निवांत झोपेल आणि आपण बाहेर भटकू.

आता व्हेनिसचंच घ्या, कारण ते प्रत्येक पत्रिकेत असतं. बस त्रॉन्केत्तोच्या वाहनतळावर लागते, तिथून बोटीनं सान मार्कोचा धक्का, गाइडबरोबर चौक आणि बॅसिलिकेचं (मोठ्या चर्चचं) बाहेरून दर्शन, मग काच फुंकण्याचं प्रात्यक्षिक, त्याला जोडलेलं दुकान, ज्यांना हवी त्यांना गोंडोला, आणि परत बोट. चौकातला घंटेचा मनोरा १४ जुलै १९०२ च्या सकाळी कोसळला आणि 'होता तसा, होता तिथे' असं ठरवून १९१२ साली पुन्हा उभा केला, हे सांगायला गाइडला सवड मिळत नाही. काचवाल्याकडची वेळ ठरलेली असते. बॅसिलिकेच्या दर्शनी भागावरचे चार घोडे नेपोलियननं १७९७ साली पॅरिसला पळवले आणि १८१५ साली ते परत आले, ही गोष्ट तर पोरांना सांगितली तर पोरं हलणार नाहीत. तेही राहतं.

आणि हे सगळं होतं सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, जेव्हा आपल्यासारख्या सगळ्यांच्या बसगाड्या तिथे आलेल्या असतात. त्या चार तासांतलं व्हेनिस म्हणजे पुढच्याची पाठ. सहानंतर बोटी भरभरून माणसं परत जायला लागतात आणि शहर मोकळं होतं. आतल्या चौकांत शाळेतून आलेली पोरं चेंडू खेळतात, म्हाताऱ्या बाकांवर बसतात, दुकानदार शटर ओढता ओढता एकमेकांशी भांडतात. सान मार्कोपासून रमतगमत अर्धा तास चाललं की कान्नारेज्जो भागात १५१६ साली ज्यू लोकांसाठी वेगळी काढून दिलेली वस्ती लागते. जागा तेवढीच आणि माणसं वाढत गेली, म्हणून तिथली घरं मजल्यावर मजले चढवत शेजारच्या घरांपेक्षा उंच झालेली दिसतात. रात्री या वस्तीचे दरवाजे बंद व्हायचे. ते १७९७ साली व्हेनिसचं प्रजासत्ताक पडल्यावर कायमचे उघडले. दिवेलागणीला त्या चौकात उभं राहून एवढंच सांगितलं तरी इतिहासाचा एक धडा होतो, आणि पुस्तक लागत नाही.

त्या शहराची स्वतःची अवस्थाही तुम्ही जाणता. १९५१ साली जुन्या व्हेनिसमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहायची. २०२२ च्या उन्हाळ्यात हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. कुणी सोडून गेलं, कुणाला भाडं परवडेना, घरांची पाहुण्यांसाठी भाड्याची घरं झाली. महापालिकेनं २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, सकाळी साडेआठ ते दुपारी चार या वेळात, दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते. २०२५ मध्ये ५४ झाले आणि ऐन वेळी नोंदणी करणाऱ्याला १० युरो. रात्री मुक्काम करणाऱ्याला हे शुल्क नाही. त्याच्याकडून हॉटेलमार्फत वेगळा कर जातो. शिवाय २०२४ च्या जूनमध्ये आलेल्या नियमानं पंचवीसपेक्षा मोठे गट आणि गाइडचे लाउडस्पीकर बंद केले. शहराला कोणता पाहुणा हवा आहे, ते याहून स्पष्ट कसं सांगणार?

इथे एक गंमत तुमच्या फायद्याची. मेस्त्रे हे समोरच्या किनाऱ्यावरचं उपनगर व्हेनिस महापालिकेच्याच हद्दीत येतं. म्हणून मेस्त्रेत उतरलेल्यांनाही हे शुल्क माफ आहे, फक्त तशी नोंद करून कोड घ्यावा लागतो. हॉटेल त्याच्या पलीकडे, पडुआच्या बाजूला धरलं, की माफी गेली. मेस्त्रेहून व्हेनिसला रेल्वेनं दहा-बारा मिनिटं लागतात आणि रात्री उशिरापर्यंत गाड्या असतात. जुन्या गावातली हॉटेलं खरोखरच परवडत नसतील तर निदान मेस्त्रेच्या स्टेशनाजवळ ठेवा आणि टूर लीडरला सांगा, ज्यांना यायचंय त्यांना आठच्या गाडीनं परत घेऊन जा. बस नको, चालक नको. तिकीट दीड-दोन युरोंच्या घरातलं. एवढी साधी गोष्ट पत्रिकेत का येत नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

व्हेनिस एकटं नाही. अ‍ॅम्स्टरडॅमनं २०२० पासून जुन्या भागात गाइडसोबतचे गट पंधरा माणसांवर आणले, आणि २०२४ पासून जड प्रवासी बसना मध्यवस्तीत यायला बंदी केली. ऑस्ट्रियातलं हालस्टाट, वस्ती साडेसातशेच्या आसपास, तिथे बसला आधी वेळ राखून ठेवावी लागते आणि 'आलो, फोटो काढला, गेलो' होऊ नये म्हणून बसनं किमान किती वेळ थांबायचं तेही ठरवलेलं आहे. ही गावं पाहुण्यांना विटलेली नाहीत. दुपारच्या त्या तीन-चार तासांना विटली आहेत.

आपल्या सहलींत ज्याला 'फोटो स्टॉप' म्हणतात, ते खरं तर कळसदर्शन आहे. वारीत पंढरपूरला पोचून रांगेअभावी कळसाला हात जोडून परतणारे पुष्कळ असतात आणि त्यांच्या भक्तीत काही उणं नसतं. पण तो वारकरी वाटेत अनेक मुक्काम करून आलेला असतो. आपण मुक्कामही करत नाही आणि गाभाऱ्यातही जात नाही. फ्लॉरेन्सला हे अगदी शब्दशः होतं. नदीपलीकडच्या टेकडीवर बस थांबते. तिथून कॅथेड्रलचा घुमट दिसतो, आणि त्या टेकडीवरच्या चौकात मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची कांस्याची प्रतिकृती आहे. मग खाली, जुन्या राजवाड्यासमोर, संगमरवरी प्रतिकृती. मूळ पुतळा १८७३ पासून आकादेमिया या संग्रहालयात आहे. दोन्ही नकला बघून झाल्या, असल पाहिला नाही, अशा समाधानात आपली कितीतरी माणसं पिसाच्या रस्त्याला लागलेली आहेत. तो घुमट ब्रुनेलेस्की या वास्तुकारानं १४२० ते १४३६ या काळात जमिनीपासून लाकडी आधार न उभारता विटा तिरक्या रचत कसा वर नेला, हे ऐकायला आत उभं राहावं लागतं. जमेल त्यांना ४६३ पायऱ्याही आहेत. माझ्यासारख्यांनी खाली बाकावर बसावं.

फ्लॉरेन्सबद्दल मी जरा जास्त बोलणार, आणि कोल्हापूरच्या माणसाला ते कारण सांगायची गरज नाही. इतरांसाठी सांगते. छत्रपती राजाराम महाराज, ज्यांच्या नावाचं आमचं राजाराम कॉलेज आहे, ते १८७० साली विलायतेला गेले. राज्यावर असताना समुद्र ओलांडणाऱ्या पहिल्या काही हिंदी राजांपैकी ते एक. वय विशीचं. तिकडे त्यांनी रोजनिशी ठेवली. ती पुढे १८७२ साली छापून प्रसिद्ध झाली. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी वारले. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. दहन ही तिथे अनोळखी, जवळजवळ निषिद्ध गोष्ट. तरीही परवानगी मिळाली, आणि जिथे मुन्योने नावाची छोटी नदी फ्लॉरेन्सच्या आर्नो नदीला मिळते, त्या संगमावर हिंदू रीतीनं रात्री अंत्यसंस्कार झाले. १८७४ साली तिथे छत्री उभी राहिली. खाली महाराजांचा फेटा बांधलेला रंगीत अर्धपुतळा, तो चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास आखला. फ्लॉरेन्सची माणसं या जागेला 'इंदियानो' म्हणतात. शेजारून आर्नोवर १९७८ साली जो मोठा पूल झाला, त्याचंही नाव तेच.

आता सांगा, मराठी माणसांनी भरलेली बस फ्लॉरेन्सला जाते आणि या जागेचा साधा उल्लेखही होत नाही, हे कसं? काशिने नावाच्या मोठ्या सार्वजनिक बागेच्या पश्चिम टोकाला ती आहे. बाग सपाट, सावलीची. तिकीट नाही, रांग नाही, वेळ राखून ठेवावी लागत नाही. पिसाकडे जाणारे रस्ते शहराच्या त्याच बाजूनं निघतात. पण आदल्या रात्रीचा मुक्काम गावाबाहेर आणि पुढची वेळ पिसाच्या वाहनतळाची, म्हणून फ्लॉरेन्सला मिळतात अडीच तास, आणि अडीच तासांत कुणाला काशिने सुचणार? दोन रात्री ठेवा. एक सकाळ उफ्फिझीच्या चित्रसंग्रहालयासाठी किंवा आकादेमियासाठी, एक संध्याकाळ काशिनेसाठी. संगमावर उभं राहून एखाद्या कोल्हापूरकरानं हात जोडले तर तुमच्या पत्रिकेतल्या सगळ्या देशांपेक्षा ती संध्याकाळ त्याच्या जास्त लक्षात राहील, हे मी लिहून देते.

पिसाचं थोडक्यात. मनोरा सुंदर आहे. ११७३ ला पाया घातला, १९९० ते २००१ बंद ठेवून तो थोडा सरळ करून पडायचा थांबवला. तळव्यांनी तो पेलून धरल्याचा फोटोही काढावा, मी काढला आहे. पण त्यासाठी अर्धा दिवस आणि जवळच विसेक किलोमीटरवरच्या लुकासाठी शून्य? लुकाला १६व्या-१७व्या शतकातला तट शाबूत आहे, चार किलोमीटरहून थोडा जास्त, वर रुंद सपाट रस्ता, दुतर्फा झाडं, बसायला बाकं. गुडघेवाल्यांसाठी याहून सोयीचं जुनं गाव मला इटलीत दिसलं नाही. तट उतरून आत गेलं की सगळं सपाट, चढउतार नाही.

स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नचीही तीच कथा. सिंहाचं शिल्प (१७९२ साली पॅरिसमध्ये मारल्या गेलेल्या स्विस शिपायांचं स्मारक), लाकडी पूल (१९९३ च्या आगीनंतर बराचसा नव्यानं उभारलेला), आणि मग घड्याळांच्या दुकानात तास-दीड तास. त्याच गावाच्या जुन्या तटावरच्या मनोऱ्यात १५३५ सालचं घड्याळ आहे. गावातल्या बाकी सगळ्या घड्याळांच्या एक मिनिट आधी ठोके द्यायचा मान त्याचा. उन्हाळ्यात तटावर फुकट चढता येतं. आपली मंडळी मात्र खाली दुकानात, किमतीचे रुपये करत. ब्रुसेल्सला मॅनेकन पिस या शू करणाऱ्या पोराच्या छोट्याशा मूर्तीपुढे चाळीस-पंचेचाळीस माणसांचा फोटो उरकला जातो, आणि तासाभराच्या रेल्वेवरचं ब्रुज पत्रिकेत नसतं. असो.

तुमच्या अडचणी मी ऐकलेल्या आहेत. पहिली, खर्च. मान्य, जुन्या गावातली खोली महाग पडते. पण रोज दोन-तीनशे किलोमीटर बस पळवायलाही पैसे पडतातच. डिझेल, टोल, जुन्या शहरांत शिरायचे बसचे परवाने. एका जागी तीन रात्री राहिलं की मधले दोन दिवस मोठी बस लागतच नाही. लोकलनं फिरता येतं. तरीही जास्त पडले तर जास्त घ्या आणि तसं छापा. जो माणूस काचेच्या दुकानात भावनेच्या भरात फुलदाणी घेतो, तो एका संध्याकाळीसाठीही देईल.

दुसरी, पंचेचाळीस माणसांना एकत्र ठेवील असं हॉटेल जुन्या गावात मिळत नाही. खरंच मिळत नाही. तिथली हॉटेलं वीस-तीस खोल्यांची. पण व्हेनिस पंचवीसच्या वर गट फिरू देत नाही, अ‍ॅम्स्टरडॅम पंधराच्या वर नाही, म्हणजे तिथे तुम्हाला गट फोडावाच लागतो. मग बावीस-चोवीस जणांचीच सहल का काढू नये?

सामानाचं म्हणाल तर प्रश्न खरा आहे. दगडी फरशीवरून आणि व्हेनिसच्या पुलांवरून पंचवीस किलोची बॅग ओढणं म्हणजे शिक्षा. मोठ्या बॅगा बसमध्येच राहू द्या, पाठीवर दोन रात्रींचे कपडे. हे आधी सांगितलं तर लोक ऐकतात. व्हेनिसला सामान नेणारे हमालही असतात.

जेवणाबद्दल बोलताना सावध राहायला हवं, कारण रोज वरण-भात मिळतो म्हणूनच कित्येक घरांतली वडीलधारी माणसं यायला तयार होतात. तो बंद करा असं मी म्हणत नाही. पण साडेसहाच्या जेवणानं संध्याकाळ मधोमध चिरली जाते. दोन-तीन रात्री 'जेवण आपापलं' ठेवा आणि काय खाता येईल त्याची चिठ्ठी मराठीत छापून द्या. टस्कनीत (फ्लॉरेन्स-पिसाच्या प्रांतात) शाकाहारी उपाशी राहत नाही. पिसाला चेचिना मिळते : हरभऱ्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, भट्टीत भाजलेलं, बस. कांदा नाही, लसूण नाही, अंडं नाही. जैन मंडळींनाही चालावी. फ्लॉरेन्सला शिळ्या पावाची आणि टोमॅटोची दाट पेज मिळते, बीन्स-कोबीचं सूप मिळतं (मांसाचा रस्सा घातलाय का तेवढं विचारायचं). तिथला पाव अळणी असतो, हेही चिठ्ठीत लिहा, नाहीतर लोक वेटरवर चिडतात.

शेवटची सबब तुम्ही नेहमी सांगता ती, 'लोकांनाच जास्त देश हवे असतात. पुन्हा कोण येतंय?' पूर्वी हे खरं होतं. व्हिसा एकदाच मिळायचा, त्यात सगळं उरकायचं. पण २०२४ च्या एप्रिलपासून भारतीयांसाठी शेंगेन व्हिसाचा (बहुतेक युरोपभर चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) नियम सैल झाला आहे. तीन वर्षांत दोन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर पुढचा साधारणपणे दोन वर्षांचा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. लोक पुन्हा जात आहेत. तुमच्याकडेच 'पूर्व युरोप', 'स्कँडिनेव्हिया' अशा दुसऱ्या-तिसऱ्या सहली भरतात, ते कोण असतात? आणि लोकांना काय हवं ते लोक जे छापलेलं असतं त्यातूनच निवडतात. इटलीतली तीन गावं, नऊ रात्री, अशी पत्रिका मराठीत छापून कुणी पाहिली आहे का?

तेवढी छापून बघा, एवढीच विनंती. मे-जूनमध्ये नको, तेव्हा शाळावाल्यांना जाऊ द्या. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात काढा. आम्हा निवृत्तांना शाळेच्या सुट्टीचं बंधन नाही, आणि ऊनही उतरलेलं असतं. व्हेनिस तीन रात्री, फ्लॉरेन्स चार, मधला एक दिवस सिएनाला (स्टेशनपासून वरच्या गावाकडे सरकते जिने आहेत, चढाची भीती नको), शेवटी लुका दोन. इटलीत परवाना असलेला स्थानिक गाइडच घ्यावा लागतो आणि तो इंग्रजीत बोलणार, तेव्हा त्याच्या शेजारी मराठीत सांगणारं कुणीतरी ठेवा. टूर लीडर नको, त्याला माणसं मोजायची असतात. इतिहासाचे निवृत्त शिक्षक महाराष्ट्रात भरपूर आहेत आणि मानधनाबद्दल फार घासाघीस करत नाहीत.

आणि जोवर अशी सहल निघत नाही, तोवर असलेल्या पत्रिकांत दोन गोष्टी छापायला काही खर्च नाही : हॉटेल ज्या गावी आहे त्या गावाचं खरं नाव, जुन्या चौकापासूनच्या अंतरासह; आणि प्रत्येक शहरात प्रत्यक्ष पायांवर किती तास मिळणार तो आकडा. बसमधून दिसलेलं त्यात धरू नका. 'परिसर' आणि 'किंवा तत्सम' हे शब्द काढून टाका. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटत असेल तर एका सहलीपुरतं करा. ज्याला देश मोजायचेत तो तरीही तुमच्याकडेच येईल.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
कोल्हापूरची एक निवृत्त इतिहास शिक्षिका

ता. क. पत्रिका आखताना फ्लॉरेन्सची मुख्य सकाळ सोमवारी धरू नका. उफ्फिझी आणि आकादेमिया दोन्ही सोमवारी बंद असतात. व्हेनिसच्या रिआल्तोचा मासळीबाजार बघायला लवकर उठणारे मालवणी आणि गोवेकर गटात असतीलच, तर रविवार-सोमवारही टाळा, तोही तेव्हा भरत नाही.